त्या जाग्या आहेत

शिट्टी तोंडातच होती. मी जोरात फुंकली, पण आवाज फुटला नाही, आत नुसतं खुळखुळल्यासारखं झालं. काढून बघितली तर शिट्टी लाल.

हिरडीतून आलं असेल, असं वाटलं. पाठ फिरवून थुंकले. मातीत पडलं ते नुसतं रक्त होतं. ताजं, फेसाळ. मी बुटानं त्याच्यावर माती ओढली.

"बाई, काय झालं?" माझी कर्णधार सारिका मध्यरेषेवरूनच ओरडली.

"काही नाही. तू चढाई चालू ठेव. मध्येच दम सोडू नको."

विभागीय सामने तोंडावर आले होते. विट्याच्या आमच्या मुलींच्या शाळेचा संघ पहिल्यांदाच तिथवर पोचला होता, आणि मी, शालन बाबर, त्या शाळेची खेळाची शिक्षिका, तेव्हा सत्तेचाळिशीची, रोज संध्याकाळी मैदानावर त्यांच्या मागं लागलेली असायचे. रक्त बघून मी घाबरले नाही असं सांगणार नाही. पण चढाई अर्ध्यात थांबवायची सवय मी मुलींना लावली नव्हती, आणि मलाही ती नव्हती.

मग खोकला आला. तो थांबेना. ओंजळ भरली, मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत गेला. सारिका धावत आली, तिनं मला खाली बसवलं आणि तिची ओढणी माझ्या तोंडाला लावली. मुख्याध्यापिकांच्या गाडीतून मला मिरजेला न्यायचं ठरलं. वाटेत आमचे यजमान, हणमंतराव, गाडीत चढले. त्यांचं पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, रिवाइंडिंगचं, दुकान होतं. हातही न धुता तसेच आले होते. त्यांच्या बाह्यांना येणारा वार्निशचा वास मला मिरज येईपर्यंत पुरला. माझं डोकं मांडीवर धरून बसले होते.

मिरजेच्या रुग्णालयात मला उजव्या कुशीवर झोपवलं. मी सरळ व्हायला गेले तर सिस्टर म्हणाल्या, "तशाच राहा. उजवं फुप्फुस वाहतंय. ते खाली असलं म्हणजे रक्त चांगल्या बाजूला उतरत नाही." त्यांचं नाव ज्योत्स्ना. नाकात प्राणवायूची नळी, हातात सलाइन, त्यातून रक्त थांबवायचं औषध. सीटी स्कॅन झाला. त्यानंतर छातीचे मोठे डॉक्टर आले, डॉ. शिरगुप्पे. पांढरे केस, शांत आवाज, सभ्य माणूस. माझी नाडी बघितली, आणि मग खाटेच्या पायथ्याशी उभे राहून हणमंतरावांशी बोलायला लागले.

"यांना पूर्वी टीबी झाला होता?"

"लग्नाआधी झाला होता म्हणतात. पूर्ण बरा झाला."

"बरा झाला, पण व्रण राहिला. वरच्या भागात पोकळी आहे, आणि रक्त तिथूनच येतंय. तो भाग कापून काढावा म्हटलं तर डावं फुप्फुसही तितकंसं चांगलं नाही. ऑपरेशन झेपायचं नाही. औषधानं थांबतंय का बघू. नाही थांबलं तर डॉक्टर मुजावरना सांगून ठेवलंय."

मी दोघांच्याही पाठीकडं बघत होते. मला विचारण्यासारखं बरंच होतं. पण तोंड उघडलं की खोकला यायचा, म्हणून गप्प राहिले.

औषधानं थांबलं नाही. सकाळपर्यंत आणखी दोनदा उबळ आली. दुसऱ्या वेळी श्वास आत घेताच येईना. सिस्टरनी नळीनं घशातलं रक्त ओढून घेतलं तेव्हा कुठं हवा मिळाली. ती हवा मिळाल्याबरोबर मी मनाशी पक्कं केलं की असं मरायचं नाही. दुसरं कसंही चालेल.

त्यानंतर थोड्या वेळानं एक बाई आत आल्या. तिशी नुकतीच ओलांडलेली असेल. केस मागं घट्ट बांधलेले, पायात रबरी सपाता. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि अशा बसल्या की त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं.

"मी तस्नीम मुजावर. मी रेडिओलॉजिस्ट आहे."

"म्हणजे एक्स-रे बघणाऱ्या," मी कसंबसं म्हटलं.

"बघते. आणि बघत बघत उपचारही करते. तुम्ही बोलू नका, मी बोलते. नाही कळलं तर हात वर करा."

मी मान हलवली.

"तुमच्या फुप्फुसातल्या जुन्या व्रणाभोवती नव्या रक्तवाहिन्या वाढल्यात. त्या नाजूक असतात. त्यातली एखादी फुटलीय. मी जांघेत भूल देऊन तिथल्या धमनीत एक सुई घालणार. त्या वाटेनं एक बारीक नळी छातीपर्यंत न्यायची. नळी कुठं आहे ते पडद्यावर दिसत राहतं. ज्या वाहिनीतून रक्त जातंय तिथं पोचलं की बारीक कण सोडायचे आणि ती आतूनच बंद करायची. छाती उघडायची नाही, टाके नाहीत. तुम्ही पूर्ण जाग्या असाल."

मी हात वर केला. "जागी कशाला?"

"मला तुमची मदत लागेल. श्वास धरा म्हटलं की धरायचा. आणि पाय हलवा म्हटलं की हलवायचे."

"पाय?"

त्यांनी नजर काढून घेतली नाही. "छातीतल्या काही वाहिन्यांतून मणक्याकडं रक्त जातं. कण तिकडं गेले तर पाय लुळे पडू शकतात. क्वचित होतं, पण होतं. म्हणून सांगतेय."

हणमंतराव मागं उभे होते. त्यांनी खाटेची दांडी धरली. कागदावर त्यांची सही झाली. मीही हात पुढं केला. सिस्टर म्हणाल्या, एकाची चालते. डॉक्टरबाईंनी कागद माझ्या उशीवर ठेवला आणि पेन दिलं. आडवं पडून केलेली ती सही वाकडीतिकडी आली.

त्या खोलीत भयंकर गारठा होता. मधोमध अरुंद टेबल, डोक्यावर यंत्राचा मोठा वाकडा हात, समोर पडदे. सगळ्यांनी एक्स-रेपासून बचावासाठी जाड, जड अंगरखे घातलेले. पायांच्या बाजूला मोठी काच, काचेपलीकडं उजेडातली एक खोली. आता मला उताणं झोपणं भाग होतं. ज्योत्स्ना सिस्टर माझ्या डोक्याशी नळी घेऊन उभ्या राहिल्या. "आलं तर मान वळवा, मी ओढून घेते. घाबरू नका."

जांघेत भूल दिली ती तेवढी टोचली. नंतर नुसता दाब कळत होता. नळी पोटातून छातीत चढली ते मला कळलंही नाही. पडद्यावर बघितलं तेव्हा एक गडद रेघ माझ्याच बरगड्यांमधून वर सरकत होती. आपल्याच अंगात काही चाललंय आणि आपल्याला नुसतं बघायला बसवलंय, असं वाटत होतं.

"मॅडम, आता वाहिन्या दिसायचं औषध सोडतेय, छातीत ऊन ऊन लागेल. श्वास घ्या. धरा. हलू नका."

मी श्वास धरला. कबड्डीत आयुष्य गेलेल्या बाईला दम धरायला सांगणं म्हणजे काहीच नाही, पण त्या दिवशी छातीत कुणी काथ्या कोंबल्यासारखं होत होतं. डोळ्यांतून पाणी आलं. तरी धरला.

पडद्यावर शाई सोडल्यासारखी एक वाहिनी काळी झाली, तिला फाटे फुटले, आणि वरच्या कोपऱ्यात त्या फाट्यांचा नुसता गुंता दिसला, न विंचरलेल्या केसांसारखा. तिथंच एक डाग हळूहळू पसरत गेला.

"सोडा श्वास. छान. तुमच्याइतका कुणी धरत नाही."

पण त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी तेच चित्र पुन्हा लावलं, आणि पुन्हा. तेव्हा मलाही ते दिसलं. मुळाशी एक अगदी बारीक रेघ होती. ती थोडी वर चढून, केसांत खोचायच्या आकड्यासारखी वळून, मध्यावरून सरळ खाली उतरली होती.

डॉक्टरबाईंनी नळी तिथंच सोडली, मदतनीस डॉक्टरला सांभाळायला सांगितली आणि काचेपलीकडं गेल्या. तिथं डॉ. शिरगुप्पे उभे होते. आवाज ऐकू येत नव्हता, नुसती तोंडं दिसत होती. शिरगुप्पे सावकाश मान हलवत होते, नाही, नाही. डॉक्टरबाई पडद्यावर बोट ठेवून काही सांगत होत्या. मग कुणीतरी हणमंतरावांना आत आणलं. त्यांना काय विचारलं, ते काय बोलले, काही कळलं नाही. त्यांनी तळहात कपाळावर ठेवला होता एवढंच मला दिसलं. मग त्यांची पाठ फिरली.

डॉक्टरबाई आत आल्या. माझ्या डोक्याशी येऊन वाकल्या.

"मॅडम, फुटलेली वाहिनी सापडली."

"मग बंद करा की."

"तिच्याच मुळाशी एक फाटा आहे, तो तुमच्या मणक्याकडं जातो. मघाशी मी म्हटलं होतं ना, क्वचित असतं. तुमच्यात आहे. मला तो दिसतोय."

"म्हणजे पाय?"

"मी सोडलेल्या कणांतले थोडे जरी तिकडं गेले, तर कमरेखालची ताकद जाईल. लघवीचाही ताबा जाईल. बहुधा कायमचा."

मी छताकडं बघितलं. छताला दोन पांढऱ्या फरशांमध्ये चीर होती.

"आणि नाही केलं तर?"

"नळी काढून घ्यायची आणि औषधावर भरवसा ठेवायचा. थांबेलही. पण कालपासून थांबलेलं नाही. पुढची उबळ सकाळसारखी आली तर आम्हाला वेळ मिळेल असं मला वाटत नाही."

"शिरगुप्पे सर काय म्हणतात?"

"सर म्हणतात इथं थांबावं. त्यांचं चूक नाही. अशा ठिकाणी थांबणारे डॉक्टर जास्त आहेत."

"आणि तुम्ही?"

"माझ्याकडं याहून बारीक नळी आहे, जाड दोऱ्याएवढी. ती या नळीच्या आतून पुढं सरकवायची आणि त्या फाट्याला मागं टाकून पलीकडं जायचं. पलीकडं जाऊन कण सोडले तर ते मागं फिरायला नकोत. मला ते जमेल असं वाटतं. खात्री देत नाही."

"मघाशी सही घेतली होती की. मग पुन्हा कशाला विचारता?"

"मघाशी ती एक शक्यता होती. आता डोळ्यांना दिसतंय. एकाच सहीत दोन्ही बसत नाहीत."

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा राज्याच्या संघासाठी माझी निवड झाली होती. त्याच महिन्यात ताप आणि खोकला सुरू झाला. डॉक्टर घरी आले, वडील त्यांच्याबरोबर बाहेर सोप्यात बसले, बराच वेळ बोलणं चाललं. मी आतल्या खोलीत होते, चहाचे कप नेले ते आईनं. रात्री तिनं ताटात भाकरी वाढता वाढता सांगितलं, तुझं खेळणं आता बंद. औषधं संपली, मी ठणठणीत झाले, पण बंद ते बंदच. पुढं लग्नाचंही सोप्यातच ठरलं. कुणी माझं वाईट केलं असं मी म्हणत नाही. हणमंतराव चांगले निघाले. पण त्या टेबलावर पडल्या पडल्या मला तो सोपाच आठवला, आणि त्यातून येणारे आवाज, ज्यातला एकही शब्द मला कधी नीट ऐकू आला नाही.

"पलीकडं जाता नाही आलं तर?" मी विचारलं.

"तर एकही कण सोडणार नाही. नळी घेऊन परत येईन. एवढं मात्र नक्की सांगते."

"परत येणारीलाच आमच्याकडं गुण मिळतो."

"कबड्डी?" त्या पहिल्यांदा हसल्या. "तुमच्या हातावरच्या खुणा बघून मला वाटलंच."

"करा," मी म्हटलं. "आणि मला सांगत राहा. गप्प होऊ नका. मघाशी तुम्ही गप्प झालात तेव्हा मला जास्त भीती वाटली."

"सांगत राहते."

आणि त्यांनी खरंच सांगितलं. "आता बारीक नळी आत घालतेय... मुळाशी आलेय... वळण आहे, तार आधी पुढं काढते... तार गेली, नळी येत नाही... मागं घेतेय, काळजी करू नका, पुन्हा घालते." दुसऱ्यांदा तार चुकून त्या आकड्याच्याच तोंडाशी गेली. "इथं नको," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि लगेच मागं आल्या. काचेपलीकडं शिरगुप्पे सर हाताची घडी घालून उभे होते, हललेही नव्हते.

तिसऱ्यांदा नळी वळण घेतच होती, तेवढ्यात मला घशात ऊन लागलं. खोकला वर यायला लागला.

"डॉक्टर," मी दात मिटूनच म्हटलं.

"कळलं. धरता येईल? अगदी थोडं. आत्ता हललात तर नळी सुटेल."

खोकला धरून ठेवणं काय असतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. घसा भरत होता. मान वळवायची नव्हती. मी जीभ टाळूला लावली, नाकानं इवलासा श्वास घेतला आणि मनातल्या मनात कबड्डी म्हणायला लागले. आवाज नाही, ओठही हलले नाहीत. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. लहानपणापासून तोंडात बसलेला तेवढा एकच शब्द मला सापडला. कानात ढोल वाजायला लागले. टेबलाची कड मी इतकी घट्ट धरली की नंतर बोटं सरळ होईनात.

"गेली! पलीकडं गेली. आता खोका."

मी मान वळवली. ज्योत्स्ना सिस्टरनी नळी तोंडात सारली. बरंच गेलं. सिस्टर माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणत राहिल्या, "झालं, झालं, येऊ दे." श्वास परत आला तेव्हा डॉक्टरबाई पडद्याकडं बघत होत्या. नळी जागची हलली नव्हती.

पुन्हा ऊन लागलं, पुन्हा श्वास धरला. या वेळी पडद्यावर नुसता गुंता उमटला. आकडा नाही. त्यांनी तेच चित्र तीन वेळा बघितलं. "सर, तुम्हीही बघा," त्या काचेकडं बघून म्हणाल्या. खोलीतल्या स्पीकरमधून शिरगुप्पेंचा आवाज आला, "दिसत नाही. पण सावकाश, तस्नीम."

मग त्यांनी कण सोडायला घेतले. थोडे सोडायचे, थांबायचे.

"उजवा पाय हलवा. हां. डावा. बोटं हलवा. दोन्हीकडं माझा हात लागल्याचं कळतंय?"

"कळतंय."

पुन्हा थोडे. पुन्हा पाय. गुंता हळूहळू विरळ व्हायला लागला, कडेकडेनं विझत गेला. प्रत्येक वेळी पाय हलवताना आधी मला एक क्षण भीती वाटायची, की आता नाही हलणार. हलायचा. अंगठा उठायचा. त्या अंगठ्याकडं मी आयुष्यात इतक्या प्रेमानं कधी बघितलं नव्हतं.

शेवटच्या चित्रात त्या कोपऱ्यात काहीच उमटलं नाही. मुळाशी आकडा मात्र जसाच्या तसा होता, नीट भरलेला.

"बंद झाली," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी नळी काढली, जांघेवर दोन्ही हातांनी दाब दिला आणि तशाच उभ्या राहिल्या, बराच वेळ, खाली मान घालून. त्यांच्या टोपीच्या कडेनं घाम गळत होता, त्या गारठ्यात. शिरगुप्पे सर आत आले, त्यांनी माझा तळवा नखानं खाजवला आणि पाय आखडला तसं म्हणाले, "मी थांबवलं असतं. बरं झालं, हिनं ऐकलं नाही."

त्या दिवशी पाय सरळ ठेवून पडून राहायचं होतं. डॉक्टरबाई सारख्या यायच्या, पांघरूण बाजूला करायच्या, बोटं हलवायला लावायच्या.

"किती वेळा बघणार?" मी विचारलं.

"माझं समाधान होईपर्यंत. तुमचं झालं का?"

"नाही."

"मग हलवा."

छातीत दुखत होतं, गिळताना त्रास व्हायचा. ते आठवडाभर राहील असं त्यांनी सांगितलं होतं, तसंच राहिलं. पण रक्त आलं नाही. थुंकीत आधी काळपट गाठी आल्या, मग त्याही थांबल्या. दुसऱ्या दिवशी मी खाटेवरून उतरले आणि खिडकीपर्यंत चालत गेले. हणमंतराव मागं मागं हात पुढं करून येत होते, लहान मूल चालायला लागल्यावर येतात तसे. मी म्हटलं, "धरू नका." त्यांनी हात मागं घेतले, पण चालणं सोडलं नाही.

सामने झाले. सारिकाचा फोन आला. ती रडत होती. हरल्या होत्या. मी तिला म्हटलं, रडून झालं की जेव, आणि सोमवारी मैदानावर ये, मी येणारच आहे. सोमवारी काही जाता आलं नाही. पण महिन्याभरात मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायला लागले होते. पुढं निवृत्त होईपर्यंत त्याच मैदानावर होते. मध्ये एकदा पुन्हा थोडं रक्त आलं, पुन्हा डॉ. मुजावरांनीच दुसरी एक वाहिनी बंद केली. त्या वेळी वाटेत काही आडवं आलं नाही.

पण सांगायचं आहे ते पहिल्या वेळचं. घरी आल्यापासून हणमंतराव बदलले होते. माझ्या आधी उठून पाणी तापवायचे. दुकानातून दुपारी मध्येच घरी यायचे, काय हवंय विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जायचे. नजरेला नजर देत नव्हते. आजारपणानं थकले असतील, असं मी समजत होते.

दोन-अडीच महिन्यांनी तपासणीला मिरजेला गेलो. स्कॅन चांगला आला. डॉक्टरबाई खुशीत होत्या. "काका, आता यांना मैदानावर जाऊ दे हं," म्हणाल्या. हणमंतरावांनी हात जोडले आणि खालीच बघत राहिले.

परतताना तासगावच्या अलीकडं एका टपरीवर मोटारसायकल थांबवली. बाकड्यावर बसलो. चहा आला. त्यांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"शालन, तुला एक सांगायचंय."

"सांगा."

"त्या दिवशी मला काचेच्या खोलीत बोलावलं होतं."

"दिसलं मला."

"मोठ्या डॉक्टरनी सगळं सांगितलं. मग मला विचारलं, काय करायचं. मी म्हणालो, नको. बंद करा. नळी काढून घ्या."

रस्त्यानं उसाची एक ट्रॉली चालली होती. ती पुढं गेली.

"का?" मी विचारलं.

"आमच्या आईला बघितलं होतं मी. खाटेवर. पाच वर्षं. तू सारखी धावणारी बाई. तुला तसं... मला बघवलं नसतं."

"तुम्हाला."

"हां. मला." त्यांनी बशी उचलली आणि परत ठेवली. "मी नको म्हटलं तर मोठे डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, थांबवू. पण त्या बाई हलल्याच नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाल्या, काका, त्या जाग्या आहेत. एवढंच. आणि आत निघून आल्या."

मला राग आला होता, आणि तो पूर्ण यायच्या आतच त्या बाह्यांचा वार्निशचा वास आठवला, मिरजेपर्यंत मांडीवर धरलेलं डोकं आठवलं, आणि रागाला धड बसायला जागाच उरली नाही. तरीही तो पूर्ण गेला नाही. आजही कधीकधी येतो.

"त्यांनी मला विचारलं नसतं तर?" मी म्हटलं.

"तर तू गेली असतीस. आणि मी लोकांना सांगितलं असतं, डॉक्टरांनी खूप केलं, नशीबच तसं." त्यांचा आवाज फाटला. "ते मला रोज रात्री आठवतंय. तुला सांगितल्याशिवाय राहवेना."

"पुढच्या वेळी मला विचारायचं."

"पुढची वेळ नको गं."

"येणार. माझी येईल, तुमची येईल. तुमची आली की मी तुम्हाला विचारीन. दोघांनीही विचारायचं. मागं उभं राहून ठरवायचं नाही."

"विचारीन."

"नुसतं तोंडानं नको."

"विचारीन म्हटलं ना."

चहा गार झाला होता. त्यांनी दुसरा सांगितला. आम्ही तो गरम गरम प्यायलो. ऊन उतरायला लागलं होतं. एरवी ते उठायचे, चावी लावायचे आणि मी मागं जाऊन बसायचे. लग्न झाल्यापासून तसंच चाललं होतं. त्या दिवशी ते उठले, गाडीपाशी गेले, चावी हातात घेऊन थांबले आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"निघायचं का?" त्यांनी विचारलं.

मी जरा विचार केला.

"थोडं बसू," मी म्हटलं.

ते परत आले आणि माझ्याशेजारी बसले.